अनुदानित शिक्षकाचे बाहेरचे काम : परवानगीचा अर्ज पाच महिने पडून आहे

खडूची_पूड

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात चौदा वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या जूनमध्ये माझ्याकडे पाठोपाठ दोन कामे चालून आली. पहिले एका प्रकाशकाचे. बारावीच्या प्रात्यक्षिकांवर पुस्तक लिहून द्यायचे आणि विक्रीच्या प्रमाणात मोबदला घ्यायचा. दुसरे शिकवणीच्या एका ॲपचे. आठवड्यातून चार संध्याकाळी घरी बसून तास घ्यायचे आणि दर तासाला ठरलेली रक्कम घ्यायची. दोन्ही कामांसाठी परवानगी मागणारा एकच अर्ज मी प्राचार्यांमार्फत संस्थेकडे दिला. त्याला आता पाच महिने झाले. होकार नाही, नकार नाही, त्रुटीचे पत्रसुद्धा नाही.

अर्ज दिला त्या दिवशी कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अर्ज कशाला केलात? सगळे मिस्टरांच्या नावावर करतात." त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, काळजीच होती. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जे काम मी उघडपणे विचारून करू पाहते ते अडते, आणि तेच काम न विचारता दुसऱ्याच्या नावावर केले तर सुरळीत चालते, हे मला पटत नाही. मला नेमका कोणता नियम लागू आहे, दोन्ही कामे एकाच मापाने मोजली जातात का, आणि उत्तर येत नसेल तर पुढे काय करायचे, हे जाणकारांनी सांगावे.

हिरवी_शाई

मॅडम, मंत्रालयात माझी बरीच वर्षे अशाच अर्जांवर टिप्पण्या लिहिण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी नियम कोणाला कोणता, ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत आणि खासगी व्यापार किंवा नोकरीबद्दलचा नियम त्यांत सोळावा आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत, त्यांत हाच विषय नियम 15 मध्ये येतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. तुम्ही यांपैकी कुठेच बसत नाही. तुमचा पगार शासनाच्या अनुदानातून येत असला तरी तुमची नेमणूक संस्थेने केलेली आहे. त्यामुळे तुम्हाला 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली लागू होते. त्या नियमावलीत कर्तव्ये आणि वर्तनसंहिता दिलेली आहे. ती तुमच्या नेमणूकपत्राशेजारी ठेवून वाचा, कारण पुष्कळ संस्था नेमणूकपत्रातच आणखी अटी घालतात आणि घेणारा सहीच्या आनंदात त्या वाचत नाही.

तरीही नियम 16 ची रचना सांगतो, कारण या विषयातली सगळी नियमावली साधारण त्याच साच्याची आहे. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारधंदा करायचा नाही आणि दुसरी नोकरी धरायची नाही, हे मूळ सूत्र. त्याला अपवाद दोन : सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी, म्हणजे बिनपगारी, काम आणि साहित्य, कला किंवा विज्ञान या प्रकारचे प्रासंगिक काम. यांना पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र कार्यालयीन कामाला बाधा येता कामा नये. इथे 'प्रासंगिक' हा शब्द फार मोलाचा आहे. वर्षातून एखादे पुस्तक लिहिणे प्रासंगिक म्हणता येते. आठवड्यातून चार संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दराने शिकवणे याला मी माझ्या टिप्पणीत प्रासंगिक म्हटले नसते. तुमच्या दोन कामांत खरा फरक हाच आहे, आणि म्हणूनच दोन्ही एका अर्जात घातलीत ही मला तुमची चूक वाटते. टेबलावरच्या माणसाला एक काम मान्य होईल आणि दुसऱ्यावर शंका असेल, तर तो दोन्ही मिळून बाजूला ठेवतो.

आणखी एक. शासनाच्या तिजोरीतून मिळते ते मानधन आणि बाहेरच्याकडून मिळते ती फी, हा भेद सेवानियमांत जुना आहे. केंद्राच्या नियमांत तर एका मर्यादेपुढच्या फीचा एकतृतीयांश हिस्सा सरकारजमा करावा लागतो. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे : सरकारने शिकवून तयार केलेला, सरकारी वेळात अनुभव मिळवलेला माणूस बाहेर कमावतो, तेव्हा त्या कमाईत सरकारचाही थोडा वाटा आहे. बोर्डाची उत्तरपत्रिका तपासणी यात मोडत नाही, ते नेमून दिलेले काम आहे.

आणि हो, मौनाला संमती मानणे लग्नाच्या बोलणीत चालत असेल, फायलीत चालत नाही. पाच महिने उत्तर नाही याचा अर्थ परवानगी मिळाली असा कृपया काढू नका.

पालक_एक

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण इथे बहुतेक जण नोकरीतले दिसतात.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी बारावी विज्ञान झाली. भौतिकशास्त्राचे 70 गुण लेखी आणि 30 गुण प्रात्यक्षिकाचे. हे 30 गुण मिळवताना विद्यार्थी ज्यांच्यापुढे उभा राहतो, त्यांत त्याला वर्षभर शिकवणारे सरही असतात. तिच्या वर्गावर जे सर होते त्यांची शिकवणी महाविद्यालयापासून दोन गल्ल्या सोडून होती आणि पाटी त्यांच्या मेहुण्याच्या नावाची होती. वर्गात प्रकरण अर्ध्यावर आले की सर खडू ठेवायचे आणि म्हणायचे, "बाकीचे आपण नंतर बघू." हे नंतर कुठे येते ते मुलांना बरोबर कळायचे. आम्ही शिकवणी लावली नाही. मुलीचे काही नुकसान झाले असे मी म्हणणार नाही, गुण तिला बरे मिळाले. पण त्या वर्षभर आमच्या घरात जी धाकधूक होती, सरांना राग तर येणार नाही ना, नावाने हाक मारतात का, जर्नलवर सही वेळेत करतात का, तिचा हिशेब कोणत्याही नियमात नाही.

मॅडम, तुमच्यावर आरोप नाही. तुम्ही अर्ज केलात यातच सगळे आले. पण ॲपवरच्या तासाला तुमच्याच वर्गातली मुले बसली तर काय, हा प्रश्न तुमच्या अर्जात होता का?

द्विशिक्षकी

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. आमच्या बाबतीत गोष्ट सोपी आहे, निदान कागदावर. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याचे कलम 28 सांगते की कोणत्याही शिक्षकाने खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करू नये. त्यात 'परवानगीशिवाय' हा शब्द नाही, 'बाधा येत असेल तर' हेही नाही. सरसकट बंदी आहे. शिक्षकाच्या नेमून दिलेल्या कर्तव्यांत कसूर झाली तर शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद कलम 24 मध्ये आहे. मात्र हा कायदा पहिली ते आठवीच्या शिक्षणाचा आहे, त्यामुळे अकरावी-बारावीच्या शिक्षकांना कलम 28 थेट लागत नाही. शिकवणीचा खरा बाजार जिथे भरतो तिथपर्यंत हे कलम पोहोचतच नाही, ही गंमत कोणाच्या लक्षात आली आहे का?

पालकांचे दुःख मला कळते. आमचेही ऐका. मी शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा महिन्याला 6,000 रुपये मिळत आणि ते तीन वर्षे पुरवायचे होते. घरभाडे आणि गावाकडे पाठवायचे पैसे वजा जाता काय उरत असेल याचा अंदाज करा. आता 1 जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 झाले आहेत. त्या काळात मी संध्याकाळी दुसऱ्या गावच्या दहावीच्या चार मुलांना गणित शिकवत असे. ती मुले माझ्या शाळेतली नव्हती, माझ्या हातात त्यांचा एकही गुण नव्हता. तरी ते कायद्याच्या विरुद्धच होते, आणि मी ते केले, हे टोपणनावाआड का होईना कबूल करतो. पूर्ण वेतनश्रेणी मिळाल्यावर महिन्याभरात बंद केले.

रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. पालकांनी लिहिलेले 'बाकीचे नंतर बघू' वाचून मला आमच्याकडचे 'संध्याकाळी या' आठवले. सकाळी बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असलेल्या बाईला डॉक्टर हळूच सांगतात, संध्याकाळी घरी या, नीट तपासतो. पाटीवर वहिनींचे नाव, त्याही डॉक्टर असल्या तर प्रश्नच मिटला, पण रुग्ण वाट पाहतात ती साहेबांची.

आमच्यासाठी व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खासगी दवाखाना न चालवण्याबद्दलचा भत्ता, आहे. केंद्राकडे तो सातव्या वेतन आयोगानंतर मूळ वेतनाच्या 20 टक्के झाला, आधी 25 टक्के होता. या भत्त्याची कल्पना मला नियमांतली सर्वांत प्रामाणिक वाटते. तुम्ही बाहेर कमावू शकला असतात हे शासन मान्य करते आणि ते सोडून देण्याचे मोल मोजते. शिक्षकाला मात्र नुसते सांगितले जाते की करू नका. अर्थात भत्ता घेऊनही दवाखाना चालवणारे आहेतच. त्यांचे समर्थन करण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यांच्यामुळे मी रांगेतल्या रुग्णाला 'पुढच्या मंगळवारी दाखवा' म्हटले तरी तो माझ्याकडे संशयाने पाहतो.

बांधावरून

मी ग्रामसेवक आहे. माझे तीन प्रश्न आहेत. वडिलोपार्जित शेती मी रविवारी जाऊन करतो, कांदा बाजार समितीत माझ्याच नावाने जातो. हा व्यापार होतो का? पत्नीकडे विम्याची एजन्सी आहे, ते चालते का? आणि एक तलाठी मित्र सातबारा कसा वाचावा, फेरफार कसा करावा यावर यूट्यूबवर फार सुंदर माहिती देतो, त्याला आता जाहिरातींचे पैसे यायला लागले आहेत. त्याने काय करावे?

हिरवी_शाई

@बांधावरून, आपल्या शेतातला माल विकणे आणि चार शेतकऱ्यांचा कांदा विकत घेऊन तो पुढे विकणे यांत फरक आहे. पहिल्याला व्यापार म्हणून कोणी हात लावल्याचे मी पाहिले नाही, दुसरा सरळ व्यापार आहे. शेतजमीन तुमच्या मत्ता व दायित्वांच्या विवरणपत्रात दाखवलेली असली म्हणजे झाले.

विम्याचे उत्तर नियम 16 च्या स्पष्टीकरणातच आहे, आणि धागाकर्त्या मॅडमना मिळालेल्या सल्ल्याचे उत्तरही तेच आहे. पत्नीने किंवा कुटुंबातल्या कोणी व्यवसाय करण्याला हरकत नाही, मात्र तो शासनाला कळवावा लागतो. आणि कर्मचाऱ्याने स्वतः त्यासाठी गिऱ्हाईक मिळवून दिले, शब्द टाकला, अर्ज भरून घेतला, तर तो नियमभंग समजला जातो. तुमच्या ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी आलेल्या माणसापुढे तुम्ही पॉलिसीचा विषय काढलात की एजन्सी कोणाच्या नावावर आहे याला अर्थ उरत नाही. मिस्टरांच्या नावावर केले की झाले, ही समजूत किती पसरली आहे आणि किती चुकीची आहे, हे मी नोकरीभर पाहिले. चौकशी लागली की पहिला प्रश्न 'नाव कोणाचे' हा नसतो, 'काम कोणी केले' हा असतो.

तलाठी मित्राचे अवघड आहे. नुसती माहिती देणे वेगळे. ज्या कामाचा पगार मिळतो त्याच कामाचे ज्ञान विकून नियमित पैसे यायला लागले, तर ते प्रासंगिक साहित्य राहत नाही. त्याने पूर्वपरवानगी घ्यावी, किंवा जाहिराती बंद ठेवून चालवावे. लिहिणाऱ्या सरकारी नोकराची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असतानाच 1848 पासून 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने लिहीत होते. फक्त त्यांना दर वाचनामागे पैसे मिळत नव्हते.

काळा_कोट

दोन कायदेशीर मुद्दे जोडतो. एक, हा विषय केवळ खातेचौकशीचा आहे असे समजू नये. ज्या लोकसेवकावर व्यापार न करण्याचे कायदेशीर बंधन आहे त्याने व्यापार केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 202 खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम 168 होते, समाजसेवा नव्याने आली. प्रत्यक्षात या कलमाचा वापर मी फारसा पाहिलेला नाही, पण ते आहे.

दुसरा मुद्दा मॅडमच्या जास्त जवळचा. अनुदानित संस्थेतले अनेक शिक्षक 'आम्ही कुठे सरकारी नोकर' असे म्हणतात. वर्तणूक नियमांपुरते ते बरोबर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 मात्र शासकीय आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचा कर्मचारीही लोकसेवकाच्या व्याख्येत धरतो. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी कोणी शिकवणीचे शुल्क घेत असेल, तर प्रश्न बाहेरच्या कामाच्या परवानगीचा राहत नाही, थेट लाचेचा होतो.

तासिका

मी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतली व्यावसायिक नीतिसंहिता म्हणते की ज्या अन्य नोकरीमुळे, खासगी शिकवणी व क्लास धरून, अध्यापनाच्या जबाबदारीत अडथळा येण्याचा संभव आहे ती शिक्षकांनी टाळावी. पहिलीच्या शिक्षकाला सरसकट बंदी आणि प्राध्यापकाला 'अडथळा येत असेल तर', ही तुलना एकदा शेजारी ठेवून पाहावी.

माझ्यापुरते बोलायचे तर सोमवार-मंगळवार एक महाविद्यालय, बुधवार-गुरुवार दुसरे, शुक्रवारी तिसरे, आणि मे महिन्यात कुठेच नाही. तास झाला तर पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. तीनपैकी माझी नोकरी कोणती आणि बाहेरचे काम कोणते, हे मला कोणी समजावून सांगितले तर मी परवानगीचा अर्ज आनंदाने करीन. पूर्णवेळ पगारावर पूर्णवेळ निष्ठा मागणे न्याय्य आहे, हे मला मान्य आहे. पण नियमाचा तो पहिला भाग गाळून फक्त दुसरा लावला जातो, तेव्हा माणूस लपवायला शिकतो.

पालक_एक

@द्विशिक्षकी आणि @तासिका, तुमच्या दोघांचे वाचून माझे थोडे मत बदलले. दुसऱ्या गावच्या चार मुलांना गणित शिकवणारा माणूस आणि आमच्या मुलीचे सर यांना मी एका तराजूत घालणार नाही, कायदा घालत असला तरी. माझी तक्रार कमाईबद्दल नव्हतीच. सकाळी ज्याच्या हातात मुलाचे गुण असतात, संध्याकाळी त्याच्याच हातात पालकाचे पाकीट असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. अर्जाच्या नमुन्यात हा एक प्रश्न छापील असता तर निम्मे अर्ज आपोआप निकालात निघाले असते.

हिरवी_शाई

पालकांनी एका ओळीत जे सांगितले ते आमच्या टिप्पणीत दीड पान घेत असे. मॅडम, आता व्यवहाराचे. जुना अर्ज मागे घेऊन दोन वेगळे अर्ज करा. प्रत्येकात काम कोणाचे, आठवड्याला किती तास, कोणत्या वेळी, पैसे किती व कसे मिळणार, आणि महाविद्यालयाचे साहित्य, प्रयोगशाळा किंवा नाव वापरले जाणार का, हे लिहा. त्याखाली एक स्वतंत्र परिच्छेद घाला : माझे सध्याचे विद्यार्थी या कामाचे ग्राहक असतील का. उत्तर जे असेल ते लिहा. अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, नोंदवून आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्या, आणि महिन्याने त्या क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. फायलीला पाय फुटत नाहीत, पण क्रमांक लागला की तिला हरवता येत नाही.

खडूची_पूड

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मधे एक गोष्ट करायची होती.

@पालक_एक, तुमचा प्रश्न माझ्या अर्जात नव्हता. मला तो सुचलाच नव्हता, हे सांगताना संकोच वाटतो. मी ॲपच्या लोकांना फोन करून विचारले की माझ्या तालुक्यातली किती मुले तुमच्याकडे आहेत. त्यांनी उत्साहाने सांगितले की तुमच्या महाविद्यालयातलीच अकरा आहेत, तुमचे नाव लागले की आणखी येतील. त्यांनी माझ्याशी संपर्क का साधला होता ते मला तेव्हा कळले. त्या कामाला मी नकार कळवला आहे.

पुस्तकाचा अर्ज नव्याने केला. 'साहित्य' या रकान्यात लिहिले की आकृत्यांसाठी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेची छायाचित्रे घेणार नाही, घरी मांडणी करून घेईन. 'विद्यार्थी' या परिच्छेदात लिहिले की पुस्तक बाजारात येईल तेव्हा माझे विद्यार्थी ते विकत घेऊ शकतील, पण मी वर्गात त्याची शिफारस करणार नाही आणि प्रात्यक्षिकासाठी ते सक्तीचे राहणार नाही. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

तेच वरिष्ठ लिपिक होते. त्यांनी पुन्हा चष्मा वर सरकवला, बारनिशीत नोंद केली, शिक्का मारला आणि पोच हातात देत म्हणाले, "मॅडम, तो पाच महिन्यांपूर्वीचा अर्ज नोंदवलेलाच नव्हता." मी स्मरणपत्राची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. उत्तर आले की इथेच कळवीन.